एक्केचाळिसावं शिंग

मालवणजवळच्या कट्ट्याच्या बाजारात बाबली पालवाविषयी विचारलंत, तर लोक दोनच गोष्टी सांगतील. एक, अडलेली गाय त्याच्या हाताने सुटते. दुसरी, तो भर दुपारचा गावामागच्या उघड्या कातळसड्यावर थांबत नाही. पहिल्या गोष्टीमुळे त्याला चार गावांत मान होता. दुसरीचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नसे.

शहाऐंशी सालच्या भाद्रपदात बाबलीची थोरली बहीण सुभद्रा भर दुपारी घरची गाय शोधायला गोठणसड्यावर गेली आणि परत आली नाही. गायही आली नाही. सुभद्रा तेव्हा अठरा वर्षांची होती आणि बाबली सोळाचा. गावाने आठ दिवस शोध घेतला. जुन्या चिरेखाणी पाहिल्या, विहिरींत गळ टाकले, करवंदीच्या जाळ्या कोयत्याने साफ केल्या. ओढणीचा धागा मिळाला नाही की गाईच्या गळ्यातलं लोढणं. कोणी म्हणालं पळून गेली. कोणी म्हणालं, सड्याच्या अदृश्य राखणदाराने नेली. बाप मात्र एवढंच म्हणत राहिला की, मेलेली बघितल्याशिवाय मी पोरीच्या नावाने पाणी सोडणार नाही. तो तसाच गेला आणि पाणी सोडायचं राहून गेलं.

बाबलीने पुढे लग्न केलं, शेती केली, दोन मुलींना शिकवून त्यांच्या घरी पाठवलं. बायको सावित्री म्हणते की, पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने बहिणीचं नाव तिच्यासमोर तीनदा घेतलं असेल, आणि तेही रेशनकार्डाच्या वेळी.

मग टाळेबंदीनंतर गुरुप्रसाद गावात परतला.

गुरुप्रसाद म्हणजे सड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माईंचा मुलगा. बारा वर्षं नाशकाकडे द्राक्षांच्या वाइनरीत नोकरी करून, तिकडचीच अक्षया बायको करून तो आला आणि सड्याच्या कडेला वडिलांच्या जमिनीवर त्याने स्वतःची वाइनरी उभी केली. द्राक्षं नव्हेत, इथलीच जांभळं आणि काजूची बोंडं. गावातले लोक आधी हसले. बोंडांची दारू म्हणजे आम्हाला काय नवीन, म्हणाले. पण दोन वर्षांत परवाना आला, स्टीलच्या टाक्या आल्या, मालवणला येणारे पर्यटक वाट वाकडी करून चव घ्यायला यायला लागले. रेडीपासून तळेऱ्यापर्यंत आणखी चार-पाच जण करवंदाची, कोकमाची वाइन करायच्या गोष्टी बोलू लागले.

गुरुप्रसादची पद्धत मात्र जगावेगळी होती. खत विकतचं नाही, फवारा विकतचा नाही, यीस्टसुद्धा विकतचं नाही; फळाच्या सालीवर असेल तेवढंच. छाटणी आणि बाटल्या भरणं चंद्र बघून. आणि नवरात्र संपलं की गाईच्या शिंगांत दुभत्या गाईचं शेण भरून ती जमिनीत पुरायची, गुढीपाडव्याच्या सुमाराला उकरायची. तोवर शेणाची काळी, बिनवासाची माती होते. ती पाण्यात ढवळून झाडांच्या मुळांशी शिंपडायची. या सगळ्याला बायोडायनॅमिक म्हणतात, असं अक्षया सांगायची. बाबलीच्या जिभेवर तो शब्द कधी बसला नाही.

"बापूस माझो पंचांग बघूनच नांगर धरी," तो म्हणाला. "शिंगांचा तेवढा नवीन."

गाईगुरांची जाण असलेला माणूस हवा, म्हणून गुरुप्रसाद त्याच्याकडे आला होता. काम सड्यावर म्हटल्यावर बाबलीने नाही म्हटलं. सावित्रीने समजावलं. शेवटी त्याने एक अट घातली: अकरा वाजले की मी खाली उतरणार. गुरुप्रसादने कारण विचारलं नाही. त्या गावात वाढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही.

खड्डा बाबलीने स्वतः खणला. सड्यावर वीतभर मातीखाली सगळा जांभा. दोन दिवस पहार चालवून त्याने गुडघाभर खोल चौकोन पाडला. तळ दगडी, बाजू दगडी. खालून लाल माती आणून त्यात चाळीस शिंगं उभी पुरली. शिंगं गुरुप्रसादने कोल्हापूरकडून आणली होती. घाटावरच्या गाईंची, लांब आणि जाड.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला, त्याने खड्डा उघडला. अक्षया गोणपाट घेऊन बसली होती. तो एकेक शिंग काढून देई, ती झटकून ओळीत ठेवी. शेण सुंदर उतरलं होतं; काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखं. ओळ संपली तेव्हा अक्षया म्हणाली, "काका, एक्केचाळीस झाली."

"परत मोज."

परतही एक्केचाळीसच. गुरुप्रसादने येऊन मोजली. "पुरताना आमी चुकलंव आसतलंव," तो हसून म्हणाला आणि टाक्यांकडे गेला.

बाबली शेवटचं शिंग हातात धरून उभा होता. ते इतरांपेक्षा बरंच आखूड होतं. कोकणातल्या लहान चणीच्या गाईचं असतं तेवढं. त्याने ते उलटं करून तळहातावर आपटलं. आतून शेण पडलं. माती नव्हे, शेण. हिरवं, ओलं, आणि कोमट. नुकतंच गाईने टाकलं असावं तसं.

त्याने अंगठ्याने शिंगावरची माती पुसली. बुडापासून चार बोटांवर, एकमेकींना छेदणाऱ्या दोन खाचा होत्या.

त्या खाचा त्याच्या हातच्या होत्या. दहा वर्षांचा असताना नवा कोयता कसा लागतो हे बघायला त्याने गुंजीच्या उजव्या शिंगावर दोन घाव घातले होते. गुंजेसारखी तांबडी म्हणून गुंजी. बापाने त्या दिवशी त्याला गोठ्याच्या खांबाला बांधलं होतं. सुभद्रेने सोडवलं.

शिंग त्याने खांद्यावरच्या पंचात गुंडाळलं. अक्षयाने दरम्यान ते ओलं शेणसुद्धा बाकीच्या काळ्या मातीबरोबर पिंपातल्या पाण्यात टाकलं होतं. आता तासभर ढवळायचं काम बाबलीचं. काठी एका दिशेने फिरवायची, मधोमध खोल भोवरा पडला की उलट फिरवायची, पाणी फेसाळून गोंधळलं की पुन्हा भोवरा. हे काम त्याला आवडायचं. त्या दिवशी अर्ध्या तासाने त्याने घाम पुसायला काठी बाहेर काढली, आणि पाणी थांबलं नाही. भोवरा तसाच फिरत राहिला. पिंपाचा तळ दिसेपर्यंत खोल गेला. बाबली बघत राहिला. मग पाणी आपणहून थबकलं, आणि उलट्या दिशेने फिरू लागलं.

त्याने काठी तिथेच टाकली. घड्याळात पावणेअकरा झाले होते. उरलेलं काम गुरुप्रसादने केलं.

घरी आल्यावर त्याने शिंग माळ्यावर भाताच्या कणगीमागे ठेवलं. सावित्रीला म्हणाला, "जुना शिंग आसा. हात लावू नको."

त्या पावसाळ्याच्या तोंडावर जांभळं दृष्ट लागावी अशी धरली. दिवाळीनंतर अक्षयाने टाकीतून पहिला पेला काढला, वास घेतला आणि पुन्हा घेतला. "यात दुधाचा वास येतोय," ती म्हणाली. "धारेच्या दुधाचा." नमुना तपासायला पाठवला, वाइन निर्दोष आली. पाहुण्यांना तर ती फारच आवडली. पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले की, लहानपणी गोठ्यात गेल्यासारखं वाटतं. बाबली दारूला शिवत नसे. त्याने नुसता पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. गुंजीची धार नेहमी सुभद्राच काढायची.

दुसऱ्या वर्षी शिंगं पुरायची वेळ आली तेव्हा त्याने खड्ड्याचा तळ पहारेने ठोकून बघितला. सगळीकडे भरीव, ठण्ण वाजणारा दगड. तो म्हणाला, यंदा शिंगांवर आकडे घाला. अक्षयाने पांढऱ्या तेलरंगाने एक ते चाळीस आकडे काढले. गुरुप्रसादने पुरताना मोबाइलवर फोटो काढले. वर माती, मातीवर पेंढा, पेंढ्यावर चिरे. थंडीभर कोणी ते हलवले नाहीत.

चैत्रात उघडायच्या दिवशी सकाळी एक गाय व्यायला लागली, त्यामुळे बाबलीला वर यायला उशीर झाला. खड्डा उघडला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. खाली उतरायची वेळ टळली आहे हे त्याच्या लक्षात होतं. पण हे काम दुसऱ्याच्या हातून व्हायला नको, असंही त्याला वाटत होतं.

सड्यावरची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. सावली नसते. वारा पडतो. पाखरं कुठे जातात कळत नाही. इतकी शांतता होते की आपल्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटू लागतं. त्या शांततेत तो एकेक शिंग काढत होता आणि अक्षया आकडे वाचत होती. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

"झालं," ती म्हणाली. तिचा सुटकेचा श्वास बाबलीला ऐकू आला.

त्याचा हात मात्र अजून मातीत होता. बोटांना टणक काहीतरी लागलं होतं.

वाइनरीच्या गोठ्यातल्या तीन गाई तोवर रवंथ करत होत्या. त्यांची तोंडं थांबली. तिघींनी एकदम माना वळवल्या आणि खड्ड्याकडे बघत त्या उभ्या राहिल्या.

बाबलीने हात वर काढला. आखूड शिंग. आकडा नाही. टोक करवतीने तिरकं कापलेलं. आत ओलं शेण, आणि शेणात न चघळलेली गवताची एक लांब पात, हिरवीगार. चैत्रात सड्यावर हिरवं गवत नसतं. सगळा सडा करपून काळा पडलेला असतो. तसलं गवत भाद्रपदात असतं.

अक्षयाने ती पात हातात घेतली आणि लगेच टाकली. "मी आईंना बोलावते," असं म्हणून ती घराकडे गेली, जवळजवळ धावतच.

माई आल्या. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, पण आवाज खणखणीत. खड्ड्याच्या कडेला पोचल्या आणि शिंग बघून चिऱ्यावर बसल्या.

"बाबल्या," त्या म्हणाल्या, "ह्या तुका खंय गावला?"

"हयच. खड्ड्यात."

"ह्या गुंजीचा शिंग."

बाबलीने मान वर केली. "तुमी वळाखलास?"

"वळाखतलंय नाय? शिंग डोळ्यात घुसाक लागला म्हणान तुझ्या बापाशीन टोक कापल्यान. सुभद्रेन गायचा तोंड धरल्यान होता. मी नवीन लगीन होवन इल्लंय, पडवेत उभी ऱ्हवान बघी होतंय." त्यांनी शिंगाला बोट लावलं आणि मागे घेतलं. "ह्या ऊन कसा लागता रे?"

"उन्हात आसा म्हणान," बाबली म्हणाला. पण शिंग नुकतंच मातीतून आलं होतं, हे दोघांनाही दिसत होतं.

मग त्याने गेल्या वर्षीच्या शिंगाविषयी सांगितलं. आणि ते सांगता सांगता, छत्तीस वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं तेही तोंडातून बाहेर पडलं.

"माई, त्या दिवशी मी खोटा सांगलंय. गोरवां राखूची पाळी माझी होती. गाय खंय गेली ता माका म्हायतच नाय होता. माका व्हाळाच्या पाण्यात जावचा होता, कुर्ले धरूक. सुभद्रेन इचारल्यान, गुंजी खंय गेली? मी सांगलंय, सड्यार गेली, मी बघितलंय. बघूक नाय होतंय मी. तिका थंय मी धाडलंय."

ऊन डोक्यावर होतं आणि कोणालाही घामाचं भान नव्हतं.

"तू कित्याक धाडतलंस?" त्या हळू म्हणाल्या. "तिका मी धाडलंय."

"म्हणजे?"

"ती आमच्या दारासून वर गेली. चढण चढाच्या आदी थांबली. माका म्हणाली, गुंजी दिसली काय गो? मी म्हटलंय, व्हय, आत्ताच वर गेली, बेगीन जा. गाय खरीच वर गेल्ली, बाबल्या. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. शेपटी वर करून, कोणी हाक मारल्यासारखी, सरळ वर."

बाबली खाली बसला. छत्तीस वर्षं तो समजत होता की त्याने बहिणीला गाय नसलेल्या ठिकाणी पाठवलं. गाय होती. त्याचं खोटं बोलणं खरं होतं.

"तुमी कोणाक सांगूक नाय?"

"सांगतलंय होतंय. पोटात गुरू होतो. सासू म्हणाली, तू गप ऱ्हव, पोटुशी बायलेन ह्याच्यात पडू नये. पयले चार दिवस लोक व्हाळाकडे, खाडीकडे शोधी होते. शेवटी वर इले. मी पयल्याच दिवशी बोललंय असतंय तर..." माईंचा खणखणीत आवाज तिथे तुटला. "पोटुशी नसतंय तर मी तिच्यावांगडा गेलंय असतंय. दर भाद्रपदात माका वाटता, आपण दोघी गेलंव असतंव तर एक तरी परत येती."

अक्षया थोडी मागे उभी होती. मालवणी तिला अजून सगळी कळत नसे, पण यातलं बरंच कळलं असावं. तिने पुढे होऊन सासूच्या डोक्यावर पदर ओढला, आणि दोघांना आधार देत, हळूहळू खाली आणलं. त्या वर्षी फवारणी झाली नाही. काढलेली काळी माती तिने तशीच खड्ड्यात लोटून दिली आणि गुरुप्रसादनेही हरकत घेतली नाही.

पुढचे सहा महिने ती दोन शिंगं बाबलीच्या माळ्यावर शेजारी शेजारी होती. सावित्रीला आता सगळं माहीत होतं. ती रोज संध्याकाळी तुळशीला दिवा लावला की माळ्याच्या शिडीकडे बघून हात जोडायची. कणगीतलं भात काढायला बाबली वर चढे तेव्हा त्याला कधीकधी तिथे गोठ्याचा वास येई. शेणाचा नव्हे, गाईच्या अंगाचा, मानेखालच्या पोळीचा, जिथे हात घातला की गाय डोळे मिटते.

नवरात्र संपलं आणि माईंनी त्याला बोलावून घेतलं.

"तिचा आसा ता तिका परत दी," त्या म्हणाल्या.

"कसा?"

"जसा वर इला, तसा."

तेवीस सालच्या ऑक्टोबरात त्याने खड्ड्यात बेचाळीस शिंगं पुरली. चाळीस आकड्यांची, आणि मधोमध ही दोन, बिनआकड्याची, गाईच्या डोक्यावर असावीत तशी समोरासमोर, फक्त टोकं खाली. माई, गुरुप्रसाद, अक्षया, सावित्री सगळे उभे होते. बाबलीने नारळ ठेवला. सड्याच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायला तो उभा राहिला, पण शब्द सुचेनात. "म्हाराजा," एवढं म्हणाला आणि थांबला. शेवटी माईच म्हणाल्या, "होय म्हाराजा," आणि सगळ्यांनी तेच म्हटलं.

चैत्रात उघडलं. सकाळ होती, साडेनऊ. पेंढा, चिरे, सगळं जागच्या जागी. कडेकडेने त्याने आकडेवाली चाळीस शिंगं काढली. मग तो मध्याकडे वळला, आणि खुरपं बाजूला ठेवून बोटांनी माती सारू लागला.

शिंगं तिथे नव्हती. पण माती खचलीही नव्हती. दोन वाकड्या पोकळ्या तशाच उभ्या होत्या, आतून गुळगुळीत, एकमेकींकडे झुकलेल्या. उजवीकडच्या पोकळीच्या भिंतीवर, वरून चार बोटांवर, दोन बारीक उंचवटे उमटले होते, एकमेकांना छेदणारे. बाबलीने त्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला. तळाला दगड लागला, थंड दगड. थोडा वेळ त्याने हात तसाच ठेवला. कोणी तरी आतून त्याचं बोट चाटेल की काय असं त्याला वाटत होतं. भीतीने नव्हे. नंतर तो सावित्रीला म्हणाला की, आपण वाट बघत होतो.

काहीच झालं नाही. हात काढताना पोकळीची कड ढासळली आणि माती आत सांडली. मग मात्र चोपन्न वर्षांचा तो माणूस सड्यावर बसून लहान पोरासारखा रडला. माई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि गुरुप्रसादने टाक्यांकडे चाललेल्या पाहुण्यांना हळूच दुसऱ्या वाटेने नेलं.

वैशाखात त्यांनी नदीवर सुभद्रेचे विधी केले. देह नसला तर दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. भटजी कणकवलीचे, तरुण, सगळं नीट विचारून घेणारे. त्यांनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. तिथी विचारली तेव्हा बाबली अडखळला. माईंनी सांगितली, महिना, तिथी, वेळसुद्धा.

"आणि गेल्या कशाने?" भटजींनी विचारलं. "म्हणजे, अपघात, आजार... काय धरू?"

बाबलीने पुतळ्याकडे बघितलं. सावित्रीने त्याला नेसवलेला हिरव्या खणाचा तुकडा वाऱ्यावर हलत होता.

"गायीक बघूक गेली," तो म्हणाला. "आणि गाय तिका गावली. तेवढाच धरा."

भटजींनी पळी उचलली आणि बाबलीच्या ओंजळीत पाणी घातलं.